तक्त्याची शेवटची ओळ

९ फेब्रुवारी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. फोन केला असता तर आवाज ऐकून ठेवला असतास. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात धरावं लागतं, म्हणून हा खटाटोप. सात वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम पानंच्या पानं, तेव्हा दादाला काहीतरी हवंय असं तुला वाटणार. हवंच आहे. तू डोळे तपासून घे. चष्म्याचा नंबर नाही म्हणत मी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आतून तपासून घे.

का ते सांगतो. आपल्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आहे. साठीला टेकलेलं, स्वभावाने हेकट, पण नजर एकदम लख्ख. तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचणारा माणूस. त्याला परवा काचबिंदू निघाला. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. आधी कडेकडेचं दिसेनासं होतं, मधलं शाबूत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. आणि त्याला पत्ता लागला तोवर एका डोळ्याचं बरंच गेलं होतं. गेलेलं परत येत नाही, असं त्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता त्या गिऱ्हाइकाचा आणि तुझा काय संबंध, असं विचारशील. काही नाही. चाळिशी ओलांडली की सगळ्यांनीच हे तपासावं म्हणतात. तू बावन्न वर्षांचा झालास. शाळेची बस चालवतोस, मागे बेचाळीस पोरं बसलेली असतात. म्हणून सुचवलं.

पोरं बेचाळीस आहेत हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. दर गुरुवारी दुपारी तुझी वहिनी फोन घेऊन गच्चीवर कपडे काढायला जाते आणि तासभर तिथेच असते. आपल्याकडे एवढे कपडे कुणाचे आहेत ते मी तिला कधी विचारलेलं नाही. तिकडे धाकटीही तेव्हाच गच्चीवर जात असेल. दोघी जावांना वाटतं, आपल्या नवऱ्यांना काही माहीत नाही. तूही माहीत नसल्यासारखंच वाग.

तपासून घेतलंस की कळव. कळवायचं नसेल तर धाकटीला सांग, गुरुवारी पोचेल.

दादा


२१ फेब्रुवारी

बारक्या,

कार्ड मिळालं. सात वर्षांनी पाच शब्द. "शेवटची ओळ वाचता येते मला." वर दादा नाही, खाली तुझं नाव नाही. पोस्टमनने ते वाचून माझ्याकडे असं बघितलं की मलाच अवघडल्यासारखं झालं.

पण ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कारण त्या गिऱ्हाइकानेही डॉक्टरीणबाईंना हेच सांगितलं होतं.

ते गिऱ्हाईक मीच. तू ओळखलंच असशील. हेकट लिहिलं तिथेच ओळखलं असशील.

झालं असं. आपल्या दुकानाच्या चार दुकानं पुढे एका डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांचा दवाखाना थाटला. तरुण आहेत, बोलायला तडफदार. त्या म्हणाल्या, काका, तुमच्याकडे एवढी माणसं नंबर काढायला येतात, एक दिवस माझी यंत्रं तुमच्या दुकानात मांडू या, सगळ्यांची तपासणी करू. मी म्हटलं, मांडा. माणसं जमली, पण यंत्राला हनुवटी लावायला कुणी पुढे होईना. तेव्हा मीच खुर्चीत बसलो. म्हटलं, घाबरायचं काय त्यात, हे बघा, मी बसतो. चौतीस वर्षं दुसऱ्यांना खुर्चीत बसवणारा माणूस, मोठ्या ऐटीत बसलो.

अर्ध्या गोळ्यासारखं पांढरं यंत्र असतं. एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बटण धरून बसलो. थोडा वेळ दिसले, मग दिसेनात. मला वाटलं, यंत्र अडकलं. शेवटी विचारलं, "बाई, सुरू झालं का पुन्हा?"

त्या हळूच म्हणाल्या, "काका, ते थांबलंच नव्हतं. अर्धं होऊन गेलं."

मागे बारा-पंधरा माणसं रांगेत. सगळ्यांना मी चष्मे दिलेले. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं मला.

मग त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आतली नस बघितली, दाब मोजला. डाव्या डोळ्याची खालची बाजू जवळपास सगळी गेलेली, उजव्याचीही थोडी. मी म्हटलं, असं कसं होईल, मी शेवटची ओळ वाचतो. वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, काका, काचबिंदूत शेवटची ओळ अगदी शेवटी जाते. आणि तो तक्ता तुम्ही रोज पुसता, तुम्हाला ती पाठ आहे.

बारक्या, पाठ आहे रे. तुलाही पाठ आहे. बाबांनी आपल्याला लहानपणापासून दर सोमवारी शटर उघडायच्या आधी ती ओळ वाचायला लावली. आठ अक्षरं. झोपेतून उठवलं तरी म्हणू. आपल्या घराची तपासणी ती एवढीच. वाचली की बाबा म्हणायचे, डोळे खणखणीत, चला कामाला. म्हणून तुझ्या कार्डावरचं ते वाक्य माझ्यासाठी काडीच्या किमतीचं नाही. तू ती ओळ तिथे बसून, तक्ता न बघता, भिंत नसतानाही वाचू शकतोस.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, तुम्हाला सख्खी भावंडं किती? म्हटलं, एक धाकटा भाऊ. त्या म्हणाल्या, त्याला या महिन्यात तपासायला पाठवा, हे घराण्यात चालतं. मी "हो, पाठवतो" म्हणालो. जणू तू आतल्या खोलीत काचा घासत बसला आहेस आणि हाक मारली की येशील.

तुझी वहिनी मात्र एका परीने खूश आहे. गेली पाच वर्षं मी तिच्यावर डाफरतोय की ती मुद्दाम वाटेत तिपाई ठेवते आणि मला ठेचा लागतात. आता तिने टेपने मोजून दाखवलं की तिपाई होती तिथेच आहे. ते निमूट ऐकून घेतोय.

जा. हट्ट करू नकोस.

दादा


६ मार्च

बारक्या,

गुरुवारची बातमी पोचली. धाकटी म्हणाली, दोन्ही पत्रं तू दोनदा वाचलीस आणि गणवेशाच्या खिशात घालून बसवर गेलास. आणि म्हणालास, "काही निघालं तर माझं लायसन जाईल. मग खाऊ काय? दादाचं दुकान आहे, मला एवढं स्टिअरिंगच आहे."

खरं बोललास. वर हेही खरं की ते स्टिअरिंग तुझ्या हातात माझ्यामुळे आलं. नाहीतर तू आज इथे असतास. काचा घासण्यात तुझा हात माझ्यापेक्षा बरा होता. हे मी तुला कधी बोललो नाही, आज बोलतो.

पण न तपासता चालवलीस तर काय होईल? समोरचा सिग्नल तुला दिसेल, पाटीवरचं अक्षर दिसेल आणि बसच्या कडेने पळत येणारं पोर दिसणार नाही. तुला वाटेल, रस्ता मोकळा आहे. मलाही बटण धरून असंच वाटत होतं. काळोख दिसत नाही बारक्या, काळं काही दिसतच नाही. सगळं नेहमीसारखं दिसतं, फक्त त्यात काही गोष्टी नसतात. लवकर सापडलं तर थेंबांवर थांबवता येतं आणि गाडीही चालवता येते, असं बाईंनी मला स्पष्ट सांगितलंय. उशीर झाला तर मात्र लायसन जाईलच, आणि ते जाणं सगळ्यात कमी वाईट असेल.

आता दोन गोष्टी सांगतो. आधीच्या दोन पत्रांत मी त्या टाळल्या. टाळून तुला पाठवता येईल असं वाटलं होतं. नाही जमलं.

पहिली बाबांची. तुला आठवत असेल, एका वर्षी दुकानाच्या भिंतींना चुना दिला होता. तू माल आणायला बाहेरगावी गेला होतास. तक्ता काढून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. समोर फक्त खिळा होता. सोमवार होता. बाबा आले, नेहमीच्या खुर्चीत बसले, चष्मा नाकावर सारखा केला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघून आठही अक्षरं म्हणाले. एकही चुकलं नाही. शिडीवरचा रंगारी ब्रश तसाच धरून माझ्याकडे बघायला लागला. बाबांनी विचारलं, "बरोबर?"

मी म्हणालो, "बरोबर."

तेव्हा मला वाटलं, मी त्यांची लाज राखली. एवढा नामांकित चष्मेवाला, रंगाऱ्यासमोर त्याला काय सांगायचं? नंतर एकट्यातही सांगितलं नाही. तुलाही नाही. मग ते भिंतीला हात लावून चालायला लागले, पायऱ्या चुकायला लागले, ताटातलं डावीकडचं तसंच ठेवून उठायला लागले. आपण म्हणत राहिलो, वय झालं. कुणीही त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही, आणि ज्याला माहीत होतं तो मी मूग गिळून बसलो. बाबांना काचबिंदूच होता का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण माझा रिपोर्ट बघून मला तरी शंका उरली नाही. त्या एका "बरोबर"ची मला इतकी लाज वाटते की हे लिहिताना तीन कागद फाडले.

दुसरी गोष्ट पेटीची.

बाईंनी विचारलं, वस्तूंना धक्के लागतात का, केव्हापासून? मी म्हणणार होतो, तिपाईला. पण आधी पेटीच आठवली. बाबांची तपासणीच्या भिंगांची पेटी, मखमलीच्या खाचा असलेली. तू ती काउंटरच्या काठापासून वीतभर आत ठेवली होतीस. तू त्या दिवशी तेच सांगत होतास, "दादा, वीतभर आत होती, शप्पथ." मी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होतो, समोर बघत होतो. भिंग उचलायला डावा हात फिरवला आणि पेटी खाली गेली. दोनशे भिंगांचा चुरा झाला. मला पेटी दिसलीच नव्हती, म्हणून मला वाटलं, ती तिथे नव्हतीच, तूच काठावर ठेवली असणार. आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो की तू मुद्दाम ठेवलीस, तुला बाबांचं काही नको आहे, तुला वेगळं व्हायचंय.

तू खाली बसून काचा वेचत होतास. बोटाला लागलं होतं तुझ्या. उठलास आणि दुकान सोडून गेलास, ते आजतागायत.

बाई म्हणाल्या, त्या दिवशीही दिसत नव्हतं असं खात्रीने सांगता येणार नाही, पण नुकसान जुनं आहे. माझ्यापुरतं तेवढं पुरे. आणि समजा दिसत असतं, तरी मी जे बोललो ते डोळे बोलले नाहीत, तोंड बोललं. त्याला कुठलाही आजार नव्हता. पेटी मी पाडली. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं, बारक्या. माफ कर म्हणायचा मला सराव नाही, पण म्हणतो. माफ कर.

आणि नाही केलंस तरी चालेल. रागावलेला राहा, आयुष्यभर बोलू नकोस. पण डॉक्टरकडे जा. बाबांना मी गप्प राहून घालवलं. तुझ्या बाबतीत मी बोलत राहणार, तू कितीही पाच शब्दांची कार्डं पाठव.

दादा


२४ मार्च

बारक्या,

पाकीट आज दुपारी आलं. वरचं अक्षर तुझं, आत पत्र नाही, नुसते रिपोर्ट. मी ते इतका वेळ उलटसुलट करत बसलो की तुझी वहिनी म्हणाली, द्या मी उघडते. दिलं नाही.

दोन्ही कागद काउंटरवर पसरले. माझ्या रिपोर्टवर डाव्या डोळ्याचा खालचा अर्धा भाग काळाकुट्ट आहे. तुझा कागद मी भिंगाखाली धरला, मग उजेडात नेला, मग पुन्हा काउंटरवर आणला. पांढरा आहे रे. डावा पूर्ण पांढरा. उजव्याच्या एका कोपऱ्यात करडा ठिपका, तांदळाच्या दाण्याएवढा. बाकी सगळं आहे. तुला सगळं दिसतंय.

मी तसाच गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो आणि रडायला लागलो. एक बाई चष्मा नाकावरून घसरतो म्हणून आल्या होत्या. त्यांना वाटलं, कुणी गेलं की काय. त्यांनीच मला पाणी आणून दिलं. मी सांगितलं, कुणी गेलं नाही, भावाचे डोळे चांगले आहेत. त्या म्हणाल्या, मग रडता कशाला? मी त्यांचा चष्मा घट्ट करून दिला, आणि इतका घट्ट की त्या परत आल्या.

जीव भांड्यात पडला बारक्या. सहा आठवडे तो टांगलेला होता.

कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे पळत गेलो. पळत म्हणजे खाली बघत बघत, त्यांनी तसंच चालायला सांगितलंय. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, दाब चांगलाच वाढलेला आहे, नस आत्ता कुठे बारीक व्हायला लागली आहे, अगदी वेळेत आला तुमचा भाऊ. आणखी पाच वर्षं गेली असती तर हा कागद माझ्या कागदासारखा झाला असता. त्यांचं ते "वेळेत" मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

आणि तुझ्या डॉक्टरांचा तो तिसरा कागद, बस चालवायला हरकत नाही, थेंब रोज, तपासणी दर चार महिन्यांनी. तो तर तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचला. नंतर सरळ माझ्यासमोर, खुर्चीत बसून धाकटीला फोन लावला. गच्चीवर गेली नाही. सोमवार होता, गुरुवारही नव्हता. दोघी इतक्या जोरात बोलत होत्या की फोन नसता तरी चाललं असतं.

आता चार गोष्टी ऐक, दुकानदार म्हणून सांगतो. थेंब टाकताना खालची पापणी खाली ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. एकच थेंब, दोन पडले म्हणजे दुप्पट फायदा होत नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून बसायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. आणि बरं वाटतंय म्हणून बंद करायचं नाही. यात बरंही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही, हीच तर याची खोड आहे. धाकटीला टाकू देऊ नकोस. तिचा नेम मला माहीत आहे, सुईत दोरा ओवून घ्यायलाही ती दुकानात माझ्याकडे यायची.

तुझ्या लेकीला तिशी-पस्तिशीत दाखवून ठेव. माझ्या लेकीला मी सांगितलंय. ती म्हणाली, "बाबा, मला सगळं दिसतं." आपल्या घरातलं माणूस आणखी काय म्हणणार. हाताला धरून नेलं. तिचं ठीक आहे.

माझं म्हणशील तर उरलं आहे ते उरेल, असं बाई म्हणतात. उजवा चांगला आहे. तक्ता भिंतीवर आहे, नंबर मीच काढतो, पण चाळिशीच्या पुढचं माणूस आलं की चष्म्याबरोबर दवाखान्याचा पत्ताही देतो. काही जण म्हणतात, काका, आम्हाला तर शेवटची ओळ दिसते. मी त्यांना बसवून घेतो आणि सगळी कहाणी सांगतो. बाबांची सोडून. ती फक्त तुला सांगितली आहे.

तू पत्र घातलं नाहीस त्याचं मला काही वाटलं नाही. रिपोर्ट पाठवलास. मला याहून मोठं पत्र आजवर कुणाचं आलेलं नाही.

दादा


३ एप्रिल

बारक्या,

काल तुझा फोन आला. मी "हॅलो" म्हणालो. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. म्हटलं, आता ठेवेल, आता ठेवेल. मग तू म्हणालास, "दादा, थेंब टाकलेस का?"

मी म्हणालो, "हो."

तू "बरं" म्हणालास आणि ठेवलास. तुझी वहिनी विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला. मला सांगताच येईना. सात वर्षांनी तू दादा म्हणालास आणि माझी चौकशी केलीस, एवढंच होतं सांगण्यासारखं.

आता खरं लिहितो. थेंब टाकले नव्हते. विसरलो होतो. तू ठेवलास तसा मी जाऊन टाकले, दोन्ही डोळ्यांत, एकेकच, आणि दोन मिनिटं कोपरे दाबून बसलो. या घरात डोळ्यांच्या बाबतीत खोटं बोलायची सवय फार जुनी आहे, चटकन सुटत नाही.

म्हणून तू रोज विचारत जा. आजपासून मी खरं तेच सांगेन.

दादा